गोगलगाय अन् पोटात पाय : परसातल्या माशांच्या टाकीत गोगलगायी ठेवायच्या की काढायच्या?



रंगीत माशांचा छोटा व्यवसाय सुरू केला, घरामागे दोन-चार सिमेंटच्या टाक्या बांधल्या, गप्पी-मॉली सोडले, थोडी पाणवनस्पती आणून टाकली. महिना-दीड महिन्यात टाकीच्या भिंतीवर बारीक बारीक ठिपके दिसायला लागतात. जवळ जाऊन बघितलं तर ठिपके चालतायत! आपण तर एकही गोगलगाय विकत आणलेली नाही, मग या आल्या कुठून? आणि आता यांचं करायचं काय?

यावर दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक म्हणतो, "मोरचूद टाक, सगळ्या मरतील." दुसरा म्हणतो, "अरे, हेच वाढव, एक्वेरियमवाले पैसे देऊन घेतात." दोन्ही सल्ले अर्धवट आहेत आणि दोन्हींमध्ये पैसे जाऊ शकतात. व्हिडिओत वेळ कमी असतो, म्हणून हा विषय इथे सविस्तर घेऊ.

आनंदनगर आणि आजूबाजूचा भाग या धंद्याला कसा आहे?

अंबरनाथचं आनंदनगर म्हटलं की डोळ्यासमोर एमआयडीसी येते. पण जरा बाहेर पडलं की जांभूळ, वसत, पुढे बदलापूर, वांगणी या पट्ट्यात अजूनही घराला परसू आहे, गावठाणात मोकळी जागा आहे. लोकल पकडली की कुर्ल्याचा आणि क्रॉफर्ड मार्केटचा रंगीत माशांचा बाजार त्याच दिवशी गाठता येतो. माल जिवंत असतो, त्यामुळे बाजार जवळ असणं हा मोठा फायदा आहे.

तोटेही बघा. वालधुनी नदी अंबरनाथ-उल्हासनगरमधून वाहते आणि तिच्यात कारखान्यांचं आणि वस्तीचं सांडपाणी किती जातं, हे इथल्या माणसाला सांगायला नको. तिथली झाडं, शेवाळ किंवा गोगलगायी उचलून टाकीत आणणं म्हणजे रोग आणि रसायन दोन्ही घरात आणणं. दुसरं म्हणजे पूर. २६ जुलै २००५ विसरता येत नाही. २७ जुलै २०१९ ला उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये अडकली आणि हजारभर प्रवासी बोटींनी काढावे लागले. ज्या भागात रेल्वे पाण्यात उभी राहते, तिथे उघडी टाकी भरून वाहणं ही किरकोळ गोष्ट आहे. आणि टाकी वाहिली की तुमचा माल नाल्यात, नाल्यातून नदीत. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे पुन्हा येणार आहे.

आधी ओळख : टाकीत कोण कोण आलंय?

सगळ्या गोगलगायी एकसारख्या नाहीत. निर्णय घ्यायच्या आधी चार प्रकार ओळखायला शिका.

पहिला प्रकार – पातळ, टोकदार कवचाची. शास्त्रीय नाव लिम्निया. पाण्यावर येऊन हवा घेते. झाडाच्या पानाखाली जेलीसारखी लांबट, पारदर्शक अंडी चिकटवते. झाडांबरोबर येणारी हीच.

दुसरा प्रकार – चपटी, चकलीसारखी गुंडाळलेली. आपल्याकडची देशी जात म्हणजे इंडोप्लॅनॉर्बिस. एक्वेरियमच्या दुकानात हिच्या कुळातली लाल जात 'रॅम्सहॉर्न' म्हणून मिळते. हिच्या रक्तात आपल्यासारखंच हिमोग्लोबिन असतं, म्हणून ती लाल दिसते. पहिल्या दोन्ही प्रकारांत प्रत्येक गोगलगाय नर आणि मादी दोन्ही असते. म्हणजे एकच चुकून आली तरी वंश सुरू होऊ शकतो.

तिसरा प्रकार – बारीक, स्क्रूसारखी लांब. 'ट्रम्पेट स्नेल' म्हणतात. दिवसा वाळूत, रात्री बाहेर. अंडी न घालता थेट पिल्लं देते. ही दिवसाढवळ्या घोळक्याने काचेवर किंवा भिंतीवर चढलेली दिसली तर पाण्यातला ऑक्सिजन कमी झाला असण्याची शक्यता असते. तेव्हा आधी एअर पंप तपासा.

चौथा प्रकार – मोठी, गोल, सफरचंदासारखी. आपल्या शेततळ्यात, भातखाचरात दिसते ती देशी पिला. उन्हाळ्यात चिखलात शिरून कवचाचं झाकण लावून झोपते. दुकानात पिवळी, निळी, सोनेरी मिळते ती 'मिस्ट्री स्नेल', मूळची दक्षिण अमेरिकेची. तिच्यात नर-मादी वेगळे असतात आणि ती अंड्यांचा घोस पाण्याच्या वर, कोरड्या भिंतीवर घालते. धंद्याच्या दृष्टीने ही फार सोयीची गोष्ट आहे, कारण अंडी दिसतात आणि नको असतील तर खरवडून काढता येतात.

गोगलगाय म्हणजे वाया गेलेल्या खाद्याचं बिल

आता मुद्द्याचं. टाकीत गोगलगायी एकदम का वाढतात? कारण त्यांना खायला मिळतं. तळाला पडलेलं माशांचं खाद्य, कुजलेली पानं, शेवाळ. जेवढं खाद्य शिल्लक, तेवढ्या गोगलगायी. त्या स्वतः आजार नाहीत, लक्षण आहेत.

जरा हिशोब करू. हे आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुम्ही तुमचे टाका. समजा सगळ्या टाक्यांना मिळून रोज १०० ग्रॅम खाद्य घालता. त्यातलं पाव, म्हणजे २५ ग्रॅम तळाला जातं. महिन्याचे झाले ७५० ग्रॅम. खाद्य ३०० रुपये किलो धरलं तर महिन्याला २२५ रुपये, वर्षाला २,७०० रुपये. शिवाय ते खाद्य कुजून अमोनिया होतो, अमोनियाने पिल्लं मरतात, आणि मेलेल्या पिल्लांचा हिशोब कोणी वहीत लिहीत नाही!

म्हणून गोगलगायी वाढल्या की औषधाकडे धावू नका, चमच्याकडे बघा. मासे दोन-तीन मिनिटांत संपवतील एवढंच खाद्य, दिवसातून दोनदा. पंधरा दिवस एवढंच केलं तरी वाढ मंदावते. नव्या पिल्लांना खायलाच मिळत नाही ना.

ठेवायच्या असतील तर फायदा काय?

थोड्या संख्येत त्या फुकटच्या सफाई कामगार आहेत. भिंतीवरचं शेवाळ खरवडतात, कुजकी पानं खातात, मेलेलं पिल्लू राहिलं तर तेही संपवतात. गप्पी, मॉली, प्लॅटी यांची पिल्लं थेट पोहत जन्माला येतात, त्यामुळे त्यांच्या टाकीत गोगलगायींचा त्रास कमी. पण गोल्डफिश, एंजल यांसारखे अंडी घालणारे मासे असतील तर अंड्यांच्या टाकीत एकही गोगलगाय नको. अंडी खाल्ली जाण्याचा धोका असतो.

एक गैरसमज काढून टाका. गोगलगायी असल्या की पाणी बदलायला नको, असं अजिबात नाही. त्या शेवाळ खातात, पण तेवढीच विष्ठाही टाकतात आणि ऑक्सिजनही घेतात. त्या झाडू मारतात, पण कचरा घराबाहेर टाकत नाहीत. तो तुम्हालाच टाकावा लागतो. आणि डासांच्या अळ्यांसाठी गोगलगायीवर विसंबू नका. ते काम गप्पीचं आहे, म्हणून तर आरोग्य विभागवाले डबक्यांत गप्पी सोडतात.

कवच पांढरं, खडबडीत, खड्डे पडलेलं दिसत असेल तर पाण्यात कॅल्शियम कमी आहे किंवा पाणी आम्लाकडे झुकलंय. पावसाळ्यात उघड्या टाकीत हे जास्त होतं, कारण पावसाचं पाणी हलकं असतं. शिंपल्यांचा चुरा किंवा समुद्रफेन (पोपटाच्या पिंजऱ्यात लावतात तो पांढरा तुकडा) टाकीत ठेवा. सामू ७ ते ८ च्या मध्ये राहिला की मॉली-गप्पीही खूश, गोगलगायीही. नळाचं पाणी थेट ओतू नका, क्लोरीन उडू द्या किंवा हायपो वापरा. एमआयडीसीच्या जवळ बोअर असेल तर त्याचं पाणी आधी प्रयोगशाळेतून तपासून घ्या.

काढायच्या असतील तर : मोरचूद नको!

मोरचुदाने गोगलगायी मरतात हे खरं आहे. पण पाणी हलकं असेल तर त्याच मोरचुदाने मासेही मरतात, कोळंबी तर हमखास. आणि समजा मासे वाचले, तर शेकडो गोगलगायी एकाच रात्री तळाला मरून कुजतात. सकाळी पाणी दुधाळ, वास, आणि मासे वर येऊन तोंड उघडतायत. शेतातल्या गोगलगायींसाठी मिळणारं औषधही टाकीच्या जवळ आणू नका.

त्यापेक्षा हे करा :

१. संध्याकाळी कोबीचं पान किंवा काकडीची चकती दोऱ्याला बांधून टाकीत सोडा. रात्रभर गोगलगायी त्यावर जमतात. सकाळी पानासकट उचला. आठवडाभर रोज.

२. आठवड्यातून एकदा पानांच्या खालची जेलीसारखी अंडी हाताने काढा.

३. नवीन झाड आणलं की थेट टाकीत नाही! वेगळ्या बादलीत दोन-तीन आठवडे ठेवा. जी अंडी असतील ती तिथेच फुटतील आणि दिसतील. पोटॅशियम परमँगनेटच्या फिकट गुलाबी पाण्यात बुडवून काढायची पद्धतही आहे, पण अंडी त्यातूनही वाचू शकतात. वेगळी बादली जास्त भरवशाची.

४. लोच जातीचे मासे गोगलगायी खातात. आपल्या सह्याद्रीतल्या नद्यांतच झेब्रा लोच नावाचा सुंदर पट्टेरी मासा आहे, जगात इतर कुठे नाही, आणि तो आता धोक्यात आहे. म्हणून लोच ठेवायचा असेल तर पैदास केंद्रातला घ्या, नदीतून पकडलेला नको. कोई आणि गोल्डफिशसुद्धा बारीक गोगलगायी खातात.

काढलेल्या गोगलगायींचं काय करायचं? उकळत्या पाण्यात टाका, मग ठेचून कोंबड्यांना द्या किंवा खतात घाला. कवचातलं कॅल्शियम वाया जात नाही. नाल्यात, विहिरीत, उल्हास नदीत सोडायच्या नाहीत. कधीच नाहीत.

एवढी सक्ती का? दोन जुन्या गोष्टी ऐका

पहिली गोष्ट तैवानची. १९७९-८० च्या सुमारास दक्षिण अमेरिकेतली एक सफरचंदी गोगलगाय तिथे आणली गेली. हेतू धंद्याचा होता : वाढवायची आणि खाण्यासाठी विकायची. वाढली भराभर. पण गिऱ्हाइकाला चव आवडली नाही, बाजार उभाच राहिला नाही. मग तो माल सुटला, भाताच्या शेतात गेला आणि रोपं फस्त करू लागला. तिथून फिलिपिन्स, व्हिएतनाम, थायलंडपर्यंत ती भाताची मोठी कीड झाली. दुकानातली मिस्ट्री स्नेल ही तिची चुलत बहीण, तीच नव्हे. पण दिसायला दोघी इतक्या सारख्या की विकणाऱ्यालाही फरक कळेलच असं नाही. आणि आपल्या टाकीच्या पलीकडे काय आहे? बदलापूर-मुरबाडची भातशेतीच ना!

दुसरी गोष्ट आपल्या देशातली. १८४७ मध्ये विल्यम बेन्सन नावाच्या शंख-शिंपल्यांच्या अभ्यासकाने मॉरिशसहून आफ्रिकी गोगलगायी कोलकात्यात आणल्या. त्या बागेतून सुटल्या आणि देशभर पसरल्या. आज आपण जिला शंखी गोगलगाय म्हणतो ती हीच. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवच्या शेतकऱ्यांची उगवलेली सोयाबीन गोगलगायींनी खाल्ली, दुबार पेरणी करावी लागली. एका माणसाच्या हौसेचं बिल पावणेदोनशे वर्षांनीही फाटतंय.

या दोन्हींमधून धंद्याचा एकच धडा निघतो. गिऱ्हाईक आधी, माल नंतर. आणि जिवंत माल असेल तर कुंपण त्याहून आधी.

तब्येतीचा मुद्दा सोडू नका

गोड्या पाण्यातल्या गोगलगायी काही कृमींना आपल्या अंगात वाढवतात. रत्नागिरी जिल्ह्यातलं गिमवी हे गाव वैद्यकशास्त्राच्या अभ्यासात याचसाठी ओळखलं जातं. १९५२ मध्ये डॉ. गाडगीळ आणि डॉ. शाह यांनी तिथे माणसांच्या मूत्रमार्गात होणाऱ्या शिस्टोसोमा कृमीचा प्रादुर्भाव नोंदवला. त्यात फेरिसिया नावाच्या अगदी बारीक गोगलगायीचा संबंध दाखवला गेला. घाबरायचं कारण नाही, पण बेफिकीरही राहायचं नाही.

जनावरांचं दुखणं जास्त नेहमीचं आहे. गुरं-शेळ्यांच्या यकृतात पानासारखे कृमी होतात, ते लिम्निया गोगलगायीतून येतात. म्हणून टाकीचं पाणी किंवा त्याच्या काठचं गवत शेळीला नको. ते पाणी फुलझाडांना घाला, उत्तम खत आहे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या कोथिंबीर-पालकाला नको. टाकीत हात घालताना रबरी हातमोजे, नंतर साबण. जंगलातून, ओढ्यातून आणलेली गोगलगाय टाकीत नको. लहान मुलांना खेळायला तर नकोच.

मग यातून धंदा होतो का?

होतो, पण जोडधंदा म्हणून. "गोगलगाय पाळा, लाखो कमवा" असले व्हिडिओ दिसतील. त्यातले बरेचसे परदेशातल्या खाण्याच्या गोगलगायींबद्दल असतात. बंगालमध्ये तळ्यातली गोगलगाय 'गुगली' म्हणून बाजारात विकली जाते, पण अंबरनाथच्या मंडईत ती कोणी मागत नाही. आपल्याकडे गिऱ्हाईक एकच : एक्वेरियमचं दुकान आणि घरी टाकी ठेवणारा हौशी माणूस. तो मागतो रंगीत मिस्ट्री स्नेल आणि लाल रॅम्सहॉर्न. पहिल्या तीन प्रकारांतल्या साध्या, आपोआप आलेल्या गोगलगायींना किंमत नाही. उलट तुमच्या झाडाच्या पाकिटात त्या निघाल्या तर दुकानदार पुढची ऑर्डर बंद करतो.

करायचं असेल तर असं करा. एक स्वतंत्र टाकी, माशांच्या टाक्यांपासून लांब, पुराच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर. वर जाळीचं झाकण, कारण मिस्ट्री स्नेल रात्री बाहेर चढते. पाणी काठाच्या चार बोटं खाली, म्हणजे अंड्यांना कोरडी भिंत मिळेल. बाहेर जाणाऱ्या पाइपला बारीक जाळी. जेवढी मागणी तेवढेच घोस ठेवा, बाकीचे खरवडून नष्ट करा. परदेशातून माल मागवण्याच्या फंदात पडू नका. जिवंत जलचर आणायला परवानगी आणि क्वारंटाइन लागतं, आणि २०२२ च्या वन्यजीव दुरुस्ती कायद्याने परक्या आक्रमक जातींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवायचा अधिकार केंद्र सरकारला दिलाय.

मुख्य कमाई मात्र माशांतूनच. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये आली. तिच्यात परसातल्या रंगीत मासे संगोपन युनिटचा खर्च ३ लाख रुपये धरलाय. सर्वसाधारण गटाला ४० टक्के म्हणजे १ लाख २० हजार, आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के म्हणजे १ लाख ८० हजारांपर्यंत अनुदानाची तरतूद. योजनांची मुदत आणि अटी बदलतात, म्हणून ठाण्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन आजची स्थिती विचारा, मगच हिशोब धरा. अनुदान मिळेल या भरवशावर कर्ज काढू नका. शिकायचं असेल तर मुंबईत वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे, देशातली या विषयातली मोठी संस्था. लोकलच्या तिकिटात पोहोचता येतं.

या आठवड्याचं काम

- टाकीतल्या गोगलगायी ओळखा : टोकदार, चपटी, स्क्रू की गोल?
- सात दिवस खाद्य वजन करून घाला आणि अर्ध्या तासाने तळाला किती उरलं ते वहीत लिहा.
- रोज सकाळी कोबीच्या पानावर किती गोगलगायी आल्या ते मोजा. आकडा वाढतोय की घटतोय, त्यावरून तुमचं खाद्य बरोबर आहे का ते कळेल.
- तीन दुकानदारांना विचारा : मिस्ट्री स्नेल महिन्याला किती घ्याल, कोणत्या रंगाची, काय भावाने? तिघांचं उत्तर लिहून ठेवा. दोघांनी तरी नक्की आकडा सांगितला तरच वेगळी टाकी बांधा.

आपल्याकडे म्हण आहे, गोगलगाय अन् पोटात पाय. दिसायला गरीब, पण आतून काय करेल सांगता येत नाही. टाकीतल्या गोगलगायीचंही तसंच. आठवडाभर मोजत राहिलात तर तिचे पाय तुम्हाला दिसतील, आणि ठेवायची की काढायची हे तुमची वहीच सांगेल.

भेटू पुढच्या विषयात. कामाला लागा!